माई नावाची डुकरीण

८ सप्टेंबर

धाकटे,

तुला माईची जी पत्रं येतात, ती माई लिहीत नाही. डुकरिणीला लिहिता येत नाही एवढं तुला ठाऊक असेलच, पण मग लिहितं कोण, याचा विचार तू केला नसशील. मी लिहिते. ‘आज मी चिखलात मनसोक्त लोळले आणि मग दोन केळी खाल्ली’ हे वाचून डोळ्यांत पाणी आलं, असं तू ऑफिसला कळवलं होतंस ना? ते वाक्य मी चहा पिता पिता लिहिलं, आणि लिहिताना माझे पाय ढोपरापर्यंत घाणीने बरबटलेले होते. मला चार ओळी बऱ्या लिहिता येतात, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. ऑफिसमधून फोटो जोडतात आणि तुझ्याकडे पाठवून देतात.

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे तू या महिनाअखेरीस येतेयस, असं मॅनेजरबाईंनी आज सगळ्यांना वाचून दाखवलं. “आपल्या माईच्या पालक येणार आहेत, परदेशातून, फक्त माईला भेटायला.” इथे, या सोडवून आणलेल्या जनावरांच्या आश्रमात, जनावर दत्तक घेऊन त्याचा खर्च पाठवणाऱ्याला पालक म्हणायची पद्धत आहे. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मीही मान हलवली. पालकबाई माझी सख्खी बहीण आहे हे इथे कुणालाच माहीत नाही. पण गेटवर मला गमबूट घातलेली बघून तू गळ्यात पडून रडशील आणि लोकांना फुकटचा तमाशा होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी इथे कशी, असं विचारशील. तुझ्याच कृपेने. माईला जाऊन वर्ष झालं तेव्हा (आपल्या माईला, आता हे दर वेळी वेगळं सांगावं लागतं) घरी एक जाडजूड पाकीट आलं. पत्ता तू जुनाच दिला होतास. आईच्या स्मरणार्थ तू एक डुकरीण दत्तक घेतली होतीस, आणि नाव ठेवायचा हक्क पालकाचा असतो म्हणून नाव ठेवलं होतंस माई. वर फोटो. फोटोत ती हसतेय असं वाटत होतं. मी ते पाकीट घेऊन तडक इथे आले. भांडायलाच आले होते. मॅनेजरबाई तेव्हा एका शेळीच्या खुरातला खिळा काढत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “बरं झालं आलात. हिचं डोकं धरा जरा.” मी धरलं. मग कुणीतरी बादली हातात दिली, तीही धरली. भांडायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

येऊ नकोस असं म्हणत नाही. ये. पण फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मग मीच तुझी समजूत काढत बसते. जे असेल ते लिही.

ताई

१२ सप्टेंबर

धाकटे,

तुझं उत्तर वाचलं. लांबलचक आहे. ‘ताई, तू माझ्यापासून हे लपवलंस कसं’ हे आहे, ‘मला किती धक्का बसला’ हे आहे, ‘मी कुणाशी बोलत होते इतके दिवस’ हेही आहे. तू कशी आहेस, हे मात्र कुठे सापडलं नाही. माईचा पाय कसा आहे हे विचारलंस, तर आधी तेच सांगते.

पाय बरा नाही. या जातीची डुकरं वजनासाठी वाढवलेली असतात. एवढी वर्षं जगायची पाळी त्यांच्यावर कुणी येऊ देत नाही, त्यामुळे पाय टिकतील का याचा विचारही कुणी केलेला नसतो. पत्रात मी लिहायचे की ‘मी जरा लंगडते, पण मजेत आहे’. लंगडते हे खरं होतं. गुडघे सुजलेत. दुखण्याची गोळी केळ्यात घालून द्यायचे, तर बाई केळं खाऊन गोळी तेवढी बाहेर काढून ठेवायची, अगदी स्वच्छ चाटून. आता उकडलेल्या बटाट्यात दडपून देते.

तिच्याबद्दलची एक गोष्ट मी तुला पत्रांतून कधी लिहिली नाही, कारण ती गोड नव्हती. ती जिथून आली तिथे तिला लोखंडी गजांच्या खोक्यात ठेवलं होतं. उभं राहता येईल, आडवं होता येईल, पण वळता येणार नाही एवढी जागा. इथे आली तेव्हा समोर मोकळं आवार होतं आणि तिला वळायचं म्हणजे काय तेच माहीत नव्हतं म्हणे. पुढे जायची आणि मग तशीच मागे मागे यायची. मॅनेजरबाई सांगतात, ती पहिल्यांदा गर्रकन वळली त्या दिवशी सगळ्यांनी काम टाकून टाळ्या वाजवल्या होत्या.

तिच्याजवळ कोण झोपतं, असंही विचारलंस. एक म्हातारा मेंढा. नाक वर करून सगळ्यांकडे बघतो म्हणून त्याला आम्ही मास्तर म्हणतो. त्याची पहिली जोडीदारीण मेली तेव्हा तो कुरणात होता, आणि ट्रॅक्टरवाल्याने उगाच दुर्गंधी नको म्हणून तिला लगेच उचलून नेऊन पुरलं. फार मोठी चूक झाली. इथला नियम आहे की सोबत्यांना बघू दिल्याशिवाय मेलेलं जनावर हलवायचं नाही. बघितलं, हुंगलं की त्यांना कळतं. नाही बघितलं तर ती वाट बघत बसतात. मास्तर गेटपाशी जाऊन उभा राहिला आणि तिथून हलेना. पाला पुढे केला तरी तोंड फिरवायचा. मॅनेजरबाई ट्रॅक्टरवाल्याला जे बोलल्या ते मी लिहिणार नाही. अंगावरची लोकर लोंबायला लागली तेव्हा कुठे ही माई आपणहून लंगडत गेटपाशी गेली आणि त्याच्या शेजारी बैठक मारली. तेव्हापासून दोघं एका पेंढ्यावर झोपतात.

आता तुझं शेवटचं वाक्य. ‘तू पण माझ्यासाठी थांबली नव्हतीस, ताई.’ मला वाटलंच होतं हे येणार. तर थांबणं कशाला म्हणतात ते ऐक.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता काही राहिलं नाही, घरी न्या, शांतपणे जाऊ दे. मी गाडी बोलावली होती. तेवढ्यात तू त्यांना फोन केलास. “काहीही करा, पण मी येईपर्यंत माझ्या आईला ठेवा.” त्यांनी ठेवली. घशात नळी घालून ठेवली. ती नळी ओढायची म्हणून तिचे हात पलंगाच्या दांड्याला बँडेजने बांधून ठेवले. मग तुझी रजा मंजूर होईना, मग तुझ्या मुलाची परीक्षा आली, मग काय आलं ते मला आठवत नाही. आपली माई, जिने आयुष्यात कुणाकडून एक ग्लास पाणी मागून घेतलं नाही, तिची पाठ सोलून निघाली होती. दार वाजलं की तिचे डोळे दाराकडे जायचे. मी म्हणायचे, येतेय ती, माई. नर्स आली तरी तेच, झाडूवाली आली तरी तेच.

मग ती गेली. आणि तू फोनवर म्हणालीस, “मी निघतेच आहे, मी येईपर्यंत काही करू नका.” त्याच संध्याकाळी मी तिला पोचवून आले. नाही थांबले. मला वाटलं, आता तरी तिची सुटका व्हावी. तू तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंस आणि मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ताई

१८ सप्टेंबर

धाकटे,

ऑफिसची मेल तुला पोचलीच असेल. त्यात ‘माईची प्रकृती थोडी नाजूक आहे’ असं लिहिलंय. ते वाक्य माझं नाही. माई काल सकाळी उठली नाही.

नेहमी बादलीचा आवाज झाला की ती आधी ओरडते, मग पुढचे पाय रोवते आणि मग मागचा भाग उचलते. काल ओरडली. पुढचे पाय रोवले. मागचं काही वर आलं नाही. तिने परत केलं, परत केलं, आणि मग माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मीच मागून धरून ठेवलंय.

इतक्या वजनाचं जनावर एका कुशीवर पडून राहिलं की खालचं अंग मरायला लागतं. त्यामुळे आम्ही चौघंजण चादर खाली घालून तिला या कुशीवरून त्या कुशीवर करतो. चादर कशी सरकवायची, कुठे दुमडायची आणि कुठे घडी राहता कामा नये, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मॅनेजरबाई म्हणाल्या, “तुम्ही हे आधी केलंय वाटतं कुणाचं.” मी म्हटलं, हो, माईचं. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

तुला चीड येईल, पण सांगते, पत्रात लिहिते तेवढंच, तोंडाने मी तिला माई म्हणत नाही. इतके दिवस म्हटलेलं नाही. फळ्यावर तेच नाव लिहिलंय, सगळे तेच म्हणतात, ‘माईने खाल्लं का’, ‘माईला आंघोळ घाला’. पहिल्या दिवसांत हे कानावर आलं की हातातलं फेकून चालू पडावंसं वाटायचं. मी तिला बाईसाहेब म्हणते. ती दोन्हीला ओ देते, कारण तिचं लक्ष बटाट्याकडे असतं.

पोटाखाली खाजवलं की ती उभ्याउभ्या डोळे मिटते आणि धप्पकन आडवी होते. खूर कापायचे असले की आम्ही हेच करतो. त्यासाठीच तू येणार होतीस ना, पोट खाजवायला? आता ती आडवीच आहे, खाजवून पाडायचं काही राहिलेलं नाही. तरी मी खाजवते. डोळे मिटते ती.

गुरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, बराच वेळ नुसते तिच्याजवळ उकिडवे बसले. म्हणाले, “ही आता उठायची नाही. मी इंजेक्शन द्यायला तयार आहे. तुम्ही ठरवा.” तर इथली पद्धत अशी की ठरवण्याआधी पालकाला विचारतात. म्हणून तुला विचारतायत. मी ऑफिसला म्हणाले होते, विचारू नका, नुसतं कळवा. माझं कुणी ऐकलं नाही.

ताई

२१ सप्टेंबर

धाकटे,

तुझं उत्तर मॅनेजरबाईंनी मोठ्याने वाचलं. ‘काहीही करा, पण मी येईपर्यंत तिला ठेवा. मी तिकीट आधीचं घेतेय.’ शब्द न् शब्द तोच, धाकटे. तुला स्वतःला तरी लक्षात आलं का?

मॅनेजरबाईंचे डोळे भरले. म्हणाल्या, किती जीव आहे बघा. मी चादर धुवायला घेऊन गेले.

मग मी डॉक्टरांना गाठून विचारलं की दुखणं दाबून किती दिवस काढता येतील. त्यांनी सांगितलं, परवापर्यंत, फार तर. त्यापुढे नको. मी म्हटलं, थांबू या. हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. ‘ताईने परत तेच केलं’ असं पुढची वीस वर्षं मला ऐकायचं नाही, म्हणून केलं. तू तिकिटाचा फोटो पाठवलास. तो मी परत परत उघडून बघितला. तारीख, वेळ, सगळं खरं आहे की नाही ते बघत होते. मागच्या वेळी फोटो नव्हता.

बाईसाहेब खाते अजून. बटाटा हातातून घेते. मास्तर दिवसभर शेडमध्ये बसून असतो, बाहेर काढला तरी आत येतो. तिच्या कानांना ऊन लागून साली निघायच्या म्हणून मी मलम लावायचे. आता ती उन्हात जात नाही, तरी कान पुढे करते. लावते मग.

रोज तुझ्या मेल तिला वाचून दाखवते. तू विचारशीलच म्हणून लिहिलं. ‘माझी माई, पाय फार दुखतो का ग?’ हे वाचताना पहिल्या दिवशी मला शिसारी आली. आपल्या माईला हे तू एकदा विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? फोन तिच्या कानाशी धरायला मी होते ना तिथे. बोलता येत नव्हतं तिला, ऐकू तर येत होतं.

जाऊ दे. परवा ये. विमान चुकवू नकोस.

ताई

२३ सप्टेंबर
(हे हाताने लिहून गेटवर ठेवतेय. विमानात तू मेल बघणार नाहीस.)

धाकटे,

गेटवरच्या बाईने हे दिलं असेल तर समज की झालं आहे.

मधलं विमान चुकलं, असा तुझा निरोप सकाळी आला. ‘ताई, पहिलं विमानच उशिरा सुटलं, माझी खरंच चूक नाही, उद्या सकाळी पोचतेच, एक दिवस, प्लीज.’ चूक नाही हे मला मान्य आहे. विमानं उशिरा सुटतात. पण निरोप वाचला तेव्हा ती खाली पडलेल्या बटाट्याकडे बघत होती आणि तोंड उघडत नव्हती. खालच्या कुशीचं कातडं फुटलं होतं. आम्ही एवढं जपलं तरी फुटलं. मला तो वास माहीत आहे. डॉक्टर बॅग घेऊन दारात उभे होते. मॅनेजरबाई म्हणाल्या, “पालकांनी एक दिवस मागितलाय. थांबायचं का?” आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तिचं सगळं मीच करायचे.

मी म्हटलं, नाही.

वर म्हटलं, पालकांना मी कळवते, त्या माझ्या बहीण आहेत. मॅनेजरबाईंनी फक्त बाजूला होऊन डॉक्टरांना आत येऊ दिलं.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. जेवढं मावलं तेवढं. पोट खाजवत राहिले. दार उघडंच होतं आणि कुणाचं तरी पाऊल वाजलं की तिचा कान तिकडे वळत होता. मग मी म्हटलं, येतेय ती, माई. किती सहज बोलून गेले. एवढे दिवस ते नाव जिभेवर येत नव्हतं आणि आलं तेव्हा त्याच वाक्याबरोबर आलं. तिने डोळे मिटले. डॉक्टर लवकर आटपतात, हात हलका आहे त्यांचा. आपल्या माईला असा डॉक्टर मिळाला नाही.

मास्तर आत आला. तिच्या कानाशी नाक नेलं, मग तोंडाशी, मग उगाच पायाने पेंढा उकरला. बराच वेळ उभा होता. मग बाहेर गेला आणि चरायला लागला. मी गेटकडे लक्ष ठेवून होते. तो गेटकडे गेला नाही.

मग ट्रॅक्टरवाला आला. मागच्या वेळी बोलणी खाल्ल्यामुळे आता तो दारातच थांबतो. म्हणाला, “सगळ्यांनी बघितलं ना? नेऊ?” मी म्हटलं, थांबा, तिची पालक यायची आहे. म्हणाला, “ताई, नियम सोबत्यांचा आहे. पालक त्यात मोडतात का?” मी म्हटलं, मोडतात. तो डोकं खाजवून परत गेला. खड्डा खणून ठेवलाय त्याने, कुंपणाच्या पलीकडे, झाडाखाली.

तेव्हा ती आत आहे, डावीकडच्या शेवटच्या शेडमध्ये. पंखे लावलेत. आत जायच्या आधी दाराशी जे पाणी ठेवलंय त्यात बूट बुडव, औषध आहे त्यात. बूट नसतील तर माझे जुने खुंटीला आहेत, तुझ्या मापाचे होतील. वास येईल. नाकाला पदर, रुमाल काही लावू नकोस, सवय होते. अंगावर चादर आहे ती काढ. फुटलेली कूस मी मुद्दाम वर ठेवलीय, खाली दडवलेली नाही. तीही बघ. कान धर, थंड लागेल, घाबरू नकोस. वाटेल तेवढा वेळ बस. कुणी तुला उठवणार नाही, मी सांगून ठेवलंय.

तू भांडायला आली असशील तर मी कोंबड्यांच्या शेडमध्ये आहे, पाणी भरायचं झालं की मोकळी आहे. माफी मागायला मी येणार नाही आणि तूही मागू नकोस, दोघींनाही ती नीट जमत नाही. पण आधी आत जा. इतकी वर्षं तू त्या हॉस्पिटलच्या दाराशी उभी आहेस, हे मला मास्तरला बघून कळलं. आपल्या माईचं तुला बघायला काही उरलं नाही. मी उरू दिलं नाही. ही आहे. हिला बघून घे.

ताई